भूकंप केव्हा होईल हे सांगता येत नाही. मग भूकंपशास्त्रज्ञ नेमके काय करतात?

१७ फेब्रुवारी २०२५ रोजी पहाटे ५ वाजून ३६ मिनिटांनी दिल्ली हादरली. झोपेतून जागे झालेले नागरिक घराबाहेर आले आणि काही वेळातच त्यांच्या भ्रमणध्वनीवर राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राची माहिती झळकली : महत्ता ४.०, खोली ५ किलोमीटर, केंद्र धौला कुआं परिसरात. एवढे समजताच पुढचा प्रश्न आला : आता याहून मोठा धक्का बसणार का, आणि बसणार असेल तर कधी?

जगातील कोणत्याही भूकंपशास्त्रज्ञाकडे या प्रश्नाचे उत्तर नाही. भूकंपाचे स्थान, दिवस आणि महत्ता आधी सांगणारी खात्रीलायक पद्धत आजवर सापडलेली नाही. त्यामुळे या शास्त्राच्या उपयुक्ततेविषयीच अनेकदा शंका घेतली जाते. परंतु भूकंपशास्त्रज्ञाचे कामकाज समजून घेतले, तर त्याचे बहुतांश श्रम 'केव्हा' या प्रश्नावर खर्चच होत नाहीत, असे दिसते. भूकंप कोठे होऊ शकतो, तेथील जमीन किती हलेल आणि त्या हलण्यात काय उभे राहील, या प्रश्नांची उत्तरे तो शोधत असतो. या कामाचा काही भाग मिनिटांत, काही आठवड्यांत, तर काही दशकांत मोजावा लागतो.

पहिली काही मिनिटे

पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचा नवी दिल्लीतील कक्ष चोवीस तास सुरू असतो. देशभरातील दीडशेहून अधिक वेधशाळांकडून येणाऱ्या नोंदी तेथे अखंड जमा होतात. दिवाळी असो वा मध्यरात्र, पाळीवर कोणी ना कोणी हजर असावेच लागते.

खडक तुटताच त्या ठिकाणाहून वेगवेगळ्या लहरी निघतात. प्राथमिक लहरी भूकवचात सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने धावतात. दुय्यम लहरींचा वेग साडेतीन किलोमीटरच्या आसपास असतो. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने ऐकू आला यावरून ढगाचे अंतर काढावे, तसाच हा हिशेब आहे. दोन लहरींच्या आगमनात एका सेकंदाचे अंतर असेल, तर भूकंप साधारण आठ किलोमीटरवर झाला असे धरता येते. अंतर दहा सेकंदांचे असेल तर सुमारे ऐंशी किलोमीटरवर. एका वेधशाळेवरून केवळ अंतर कळते, दिशा निश्चित होत नाही. तीन वेधशाळांभोवती तीन वर्तुळे काढली की ती जेथे छेदतात तेथे अपिकेंद्र, म्हणजेच भूकंपाच्या उगमाच्या थेट वरचे भूपृष्ठावरील स्थान, सापडते. प्रत्यक्षात संगणक अनेक वेधशाळांच्या नोंदी एकाच वेळी ताडून पाहतो. मात्र यंत्राने निवडलेले क्षण बरोबर आहेत का, हे तज्ज्ञाचा डोळा तपासतो. म्हणूनच पहिल्यांदा जाहीर झालेले आकडे नंतर किंचित बदलतात. ती चूक नसते. अधिक नोंदी हाती आल्याने केलेली सुधारणा असते.

भूकंपाची महत्ता आणि तीव्रता यांत वारंवार गल्लत होते. महत्ता म्हणजे भूकंपात मुक्त झालेल्या ऊर्जेचे मान. ते एका भूकंपाला एकच असते. तीव्रता म्हणजे त्या भूकंपाचा एखाद्या ठिकाणी झालेला परिणाम; ती गावागणिक बदलते. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये मांडलेली मोजपट्टी सर्वपरिचित आहे. आज मोठ्या भूकंपांसाठी तिच्या जागी विभंगाचे क्षेत्रफळ व त्यावरील सरकणे यांवर आधारलेली मोजपट्टी वापरतात. महत्ता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते. या हिशेबाने नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी झालेल्या ७.८ महत्तेच्या भूकंपाची ऊर्जा दिल्लीतील ४.० महत्तेच्या धक्क्याच्या सुमारे पाच लाख पट होती. बातमीतील 'चार' आणि 'आठ' यांमधील अंतर अंकांवरून वाटते त्याहून कितीतरी मोठे आहे, ते असे.

गोंगाटातून कुजबुज ऐकताना

भूकंपमापक यंत्र केवळ भूकंप नोंदवत नाही. रेल्वेगाडी, मालमोटार, वाऱ्याने डोलणारे झाड, दूरच्या समुद्रावरील लाटा या साऱ्यांचे कंप त्यात उमटतात. त्यामुळे वेधशाळेसाठी जागा शोधणे हेच या शास्त्रातील एक मोठे काम आहे. वर्दळीपासून दूर, शक्यतो अखंड खडकावर आणि तरीही वीज व संदेशवहन पोहोचेल अशी जागा लागते. ती सहसा डोंगरात, गावाच्या शिवेवर किंवा जंगलाच्या कडेला मिळते. यंत्रे बसवणे, सौर पट्ट्या व विद्युत घट तपासणे, घड्याळ उपग्रहाच्या वेळेशी जुळते आहे ना हे पाहणे, यासाठी संशोधकांना वर्षातून अनेकदा फिरावे लागते. घड्याळ एका सेकंदाने चुकले, तरी भूकंपाचे स्थान काही किलोमीटरने सरकते. २०२० मधील टाळेबंदीत माणसांची हालचाल थांबल्यावर जगभरातील यंत्रांवरील मानवनिर्मित कंप स्पष्टपणे घटला, तेव्हा एरवी हा गोंगाट किती असतो, हे संशोधकांना मोजता आले.

भारतात या नोंदींची परंपरा जुनी आहे. १२ जून १८९७ रोजी आजच्या मेघालयात प्रलयंकारी भूकंप झाला. त्यानंतर १८९८ मध्ये कोलकात्यातील अलीपूर येथे देशातील पहिली भूकंप वेधशाळा सुरू झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी त्या भूकंपाचा तपशीलवार अभ्यास केला. दूर युरोपातील यंत्रांनी टिपलेल्या नोंदींमध्ये प्राथमिक, दुय्यम व पृष्ठीय अशा तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या ओळखता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १९०६ मध्ये अशाच नोंदींच्या आधारे पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावाही त्यांनी मांडला.

धक्क्यानंतरचे आठवडे

मोठा भूकंप झाला की बचाव पथकांपाठोपाठ भूकंपशास्त्रज्ञही तेथे पोहोचतात. त्यांच्याकडे फिरती यंत्रे असतात. मुख्य धक्क्यानंतर येणारे शेकडो लहान धक्के त्यांना जवळून टिपायचे असतात, कारण ते जमिनीखाली तुटलेल्या पृष्ठभागाच्या आसपासच होतात. त्यांची स्थाने नकाशावर मांडली की वरून न दिसणारा विभंग उलगडत जातो.

दुसरे काम गावोगाव फिरण्याचे. कोणत्या भिंती कोणत्या दिशेने पडल्या, जमिनीला भेगा कोठे गेल्या, विहिरींचे पाणी वाढले की आटले, लोकांना आधी आवाज आला की आधी हादरा बसला, या साऱ्यांची नोंद घेतली जाते. ज्यांच्या घरात कोणीतरी गेले आहे, त्यांनाच हे प्रश्न विचारावे लागतात. त्यांचे दुःख समोर असताना मोजपट्टी लावण्याचे हे काम कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवले जात नाही. मात्र याच नोंदींतून तीव्रतेचे नकाशे तयार होतात आणि पुढच्या बांधकामांचे नियम त्यांवर उभे राहतात.

२६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपाने याचे ठळक उदाहरण दिले. अपिकेंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्येही बहुमजली इमारती कोसळल्या. नदीच्या गाळाच्या जमिनीने कंपने वाढवली होती आणि वाहनतळासाठी तळमजला मोकळा सोडलेल्या इमारती त्यात तग धरू शकल्या नव्हत्या. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीतही हेच घडले होते. जुन्या सरोवराच्या गाळावर वसलेल्या या शहराने साडेतीनशे किलोमीटरहून दूरच्या भूकंपाचा जबर फटका सोसला. शहराखालच्या मातीचा प्रभागनिहाय अभ्यास करून तयार केले जाणारे सूक्ष्म नकाशे याच अनुभवातून आले. दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, गुवाहाटी यांसारख्या शहरांचे असे अभ्यास झाले आहेत.

जमिनीच्या स्मृतीचा शोध

यंत्रांच्या नोंदी जेमतेम सव्वाशे वर्षांच्या आहेत. एखाद्या विभंगावर मोठा भूकंप शेकडो वर्षांनी एकदा होत असेल, तर एवढी नोंद अपुरी पडते. म्हणून संशोधक विभंगावर चर खणतात आणि त्याच्या भिंतीतील मातीचे थर वाचतात. एखादा थर जेथे तुटून खाली-वर सरकलेला दिसतो, तेथे जुन्या भूकंपाची खूण असते. त्या थरांतील कोळशाच्या तुकड्याचे किरणोत्सर्गी कार्बनच्या साहाय्याने वय काढले की भूकंपाचा काळ अंदाजे ठरतो. सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांच्यासारख्या भारतीय संशोधकांनी कच्छपासून हिमालयापर्यंत अशा प्राचीन भूकंपांचा माग घेतला आहे.

दुसरीकडे, उपग्रहांशी जोडलेली स्थाननिश्चितीची उपकरणे खडकात रोवून जमिनीची मंद हालचाल मोजली जाते. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकतो. त्यातील जवळपास दोन सेंटिमीटर सरकणे हिमालयाच्या पट्ट्यात अडते आणि ताणाच्या रूपाने खडकात साठत जाते. शंभर वर्षांत हा साठा सुमारे दोन मीटरचा होतो. तो केव्हा मुक्त होईल हे सांगता येत नसले, तरी हिमालयात मोठे भूकंप होणारच, हे या मोजणीवरून निश्चितपणे सांगता येते. १९०५ चा कांगडा, १९३४ चा बिहार-नेपाळ आणि १९५० चा आसाम हे भूकंप याच प्रक्रियेची फळे होती.

कोयनेची प्रयोगशाळा

भूकंपाच्या उगमाजवळ प्रत्यक्ष जाऊन पाहण्याची संधी जगात फार थोड्या ठिकाणी मिळते. सातारा जिल्ह्यातील कोयना हे त्यांपैकी एक. शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर १९६२ पासून तेथे लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ महत्तेचा भूकंप झाला आणि जवळपास दोनशे माणसे दगावली. जलाशयामुळे प्रवर्तित झालेला हा जगातील सर्वांत मोठा भूकंप मानला जातो. पाण्याने भूकंप 'निर्माण' केला, असे मात्र शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. खडकात ताण आधीच साठलेला होता; जलाशयाचे वजन आणि भेगांतून झिरपलेले पाणी यांनी त्याला वाट मोकळी करून दिली. त्या पहाटे धरणातील यंत्राने नोंदलेला कंपनांचा आलेख धरणांच्या रचनेच्या अभ्यासात आजही जगभर वापरला जातो.

डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या परिसराचा अनेक दशके अभ्यास केला. येथील भूकंप सुमारे वीस बाय तीस किलोमीटरच्या टापूत होतात, फार खोल नसतात आणि जलाशयाच्या पातळीतील चढउतारांशी त्यांचे नाते दिसते. याच वैशिष्ट्यांमुळे येथे खोल विंधनछिद्र घेण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे प्रायोगिक विंधनछिद्र पूर्ण झाले. सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा काळा पाषाण ओलांडल्यावर त्याखालचा प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. कराड येथील प्रयोगशाळेत त्या खडकाचा अभ्यास चालतो. आपल्या हयातीत अंतिम उत्तर मिळेलच असे नाही, हे माहीत असूनही एकाच टापूवर आयुष्य वेचणारे संशोधक या क्षेत्रात विरळ नाहीत.

सारखीच चिन्हे, वेगळे शेवट

या व्यवसायातील सर्वांत अवघड काम यंत्रांशी निगडित नाही. ते आहे बोलण्याचे. १९९२ च्या अखेरीस लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात लहान धक्के जाणवले होते. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे, ६.२ महत्तेच्या भूकंपाने हजारो लोकांचे प्राण घेतले. २०१८ च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागातही धक्क्यांची मालिका सुरू झाली. लोक थंडीत तंबूंमध्ये झोपू लागले. संशोधकांनी तेथे यंत्रे बसवून दीर्घकाळ नोंदी घेतल्या. त्या मालिकेतून किल्लारीसारखा भूकंप झाला नाही.

सुरुवातीची चिन्हे पुष्कळशी सारखी. शेवट मात्र भिन्न. धक्क्यांची मालिका सुरू असताना तिचे पुढे काय होईल, हे सांगणारी खूण शास्त्राला गवसलेली नाही. चीनमध्ये १९७५ साली हायचेंग येथे पूर्वधक्क्यांवरून लोकांना वेळेत बाहेर काढता आले. पुढच्याच वर्षी तांगशान येथे तशी सूचना न मिळता सुमारे दोन लाख चाळीस हजार माणसे मृत्युमुखी पडली. अमेरिकेतील पार्कफील्ड येथे १९९३ पूर्वी भूकंप होईल, असे शास्त्रज्ञांनी वर्तवले होते. यंत्रे रोवून वाट पाहिली गेली. भूकंप आला तो २००४ मध्ये.

अशा अनिश्चिततेत धीर देणे आणि इशारा देणे, दोन्ही जोखमीचे ठरते. इटलीतील लाक्विला शहरात २००९ मध्ये अनेक महिने लहान धक्के बसत होते. तज्ज्ञांची बैठक झाली, लोकांना आश्वस्त करणारा संदेश गेला आणि सहाच दिवसांनी, ६ एप्रिलच्या पहाटे, मोठ्या भूकंपात तीनशेहून अधिक लोक मरण पावले. २०१२ मध्ये सहा तज्ज्ञ व एका अधिकाऱ्याला न्यायालयाने सहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने सहाही तज्ज्ञांना दोषमुक्त केले. अधिकाऱ्याची शिक्षा कमी झाली. हा खटला भाकीत न केल्याबद्दल नव्हता, तर धोक्याविषयी लोकांना काय सांगितले गेले याबद्दल होता. 'काही होणार नाही' हे वाक्यही एक भाकीतच असते आणि ते करण्याचा अधिकार शास्त्र देत नाही, ही जाणीव त्यानंतर जगभरातील भूकंपशास्त्रज्ञांमध्ये अधिक तीव्र झाली.

पूर्वसूचना आणि भाकीत यांतील भेदही येथे लक्षात घ्यायला हवा. भूकंप झाल्यानंतर वेगवान प्राथमिक लहरी टिपून, हानिकारक लहरी पोहोचण्यापूर्वी दूरच्या शहरांना सावध करता येते. जपानमध्ये २००७ पासून अशी यंत्रणा सर्वसामान्यांसाठी कार्यरत आहे. भारतात आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी विकसित केलेले उत्तराखंडसाठीचे उपयोजन २०२१ मध्ये सुरू झाले. यातून मिळणारा वेळ काही सेकंदांचा, फार तर मिनिटभराचा असतो. तेवढ्यात गाडी थांबवता येते, शस्त्रक्रिया क्षणभर रोखता येते, टेबलाखाली जाता येते. अपिकेंद्राच्या अगदी जवळच्या गावांना मात्र तेवढाही वेळ मिळत नाही.

नकाशा, संहिता आणि घर

त्या गावांना वाचवते ते घरच. किल्लारीत बळी घेतले ते प्रामुख्याने जाड दगड-मातीच्या भिंतींनी आणि त्यांवरील जड माळवदांनी. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच रचना त्या पहाटे झोपलेल्या कुटुंबांवर कोसळली. त्या वेळी किल्लारीचा परिसर भूकंपप्रवणतेच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. मोठा भूकंप तेथे नोंदलाच गेला नव्हता; म्हणून नकाशानेही धोका दाखवला नव्हता. या घटनेनंतर द्वीपकल्पीय भारतातील वेधशाळांचे आधुनिकीकरण झाले आणि २००२ च्या सुधारित नकाशातून 'पहिला', म्हणजे जवळपास निर्धोक मानला जाणारा, पट्टा वगळण्यात आला. त्या नकाशानुसार देशाच्या सुमारे ५९ टक्के भूभागाला मध्यम ते तीव्र भूकंपांचा धोका असल्याचे अधिकृतपणे मानले गेले.

शास्त्रज्ञाची नोंद अखेर येथे, भारतीय मानक ब्युरोच्या बांधकामविषयक संहितांमध्ये, येऊन पोहोचते. जमीन किती जोराने हलू शकते हा आकडा भूकंपशास्त्र देते. त्यानुसार खांब, तुळई व पाया यांची रचना अभियंते ठरवतात. दगडी भिंतीचे दोन्ही थर बांधून ठेवणारे आरपार दगड, खिडक्या-दारांच्या वरून साऱ्या घराभोवती फिरणारा काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळया, असे साधे उपायही घर कोसळण्यापासून रोखू शकतात. त्यांसाठी भूकंपाची तारीख माहीत असण्याची गरज नसते. गरज असते ती नियम कागदावरून गवंड्याच्या हातापर्यंत पोहोचण्याची, आणि तेथे भूकंपशास्त्रज्ञाचा अधिकार संपून स्थानिक प्रशासन, बांधकाम व्यावसायिक व घरमालक यांची जबाबदारी सुरू होते.

या क्षेत्रात येणारे विद्यार्थी बहुधा भौतिकशास्त्र, गणित किंवा भूविज्ञान शिकलेले असतात. रुरकी, धनबाद, खरगपूर, वाराणसी, हैदराबाद येथे भूभौतिकीचे शिक्षण मिळते. पुढे हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, डेहराडूनची वाडिया संस्था, गांधीनगरची भूकंपशास्त्रीय संशोधन संस्था अशा ठिकाणी त्यांचे कार्यक्षेत्र असते. त्यांतील अनेकांना आप्तेष्टांपासून पत्रकारांपर्यंत सारे जण एकच प्रश्न विचारत राहतील : पुढचा भूकंप कधी? त्यावर 'सांगता येत नाही' हेच प्रामाणिक उत्तर असेल. मात्र आपले घर कोणत्या पट्ट्यात येते, त्याखालची जमीन खडकाची आहे की गाळाची, आणि ते बांधताना संहिता पाळली गेली का, हे प्रश्न विचारणाऱ्याला आज उत्तरे मिळू शकतात. सव्वाशे वर्षांच्या नोंदींनी कमावलेले ज्ञान ते हेच.